ग्रांट रोडचे ग्रांटसाहेब



मुंबई सोडून कितीही वर्षं झाली तरी आपल्या घरांतल्या बोलण्यात ग्रांट रोड येतोच. लग्नाची खरेदी, मामाची खोली, लोकलची गर्दी. पण हे ग्रांट कोण, हे सहसा कुणी विचारत नाही.

सर रॉबर्ट ग्रांट १८३५ ते १८३८ मुंबईचे गव्हर्नर होते. जन्म बंगालमधला, वडील ईस्ट इंडिया कंपनीतले बडे अधिकारी. गव्हर्नरचं नाव रस्त्याला देणं ही त्या काळची रीतच, त्यात विशेष काही नाही. आपल्यासाठी विशेष आहे ते मुंबईला येण्याआधीचं.

तेव्हा इंग्लंडमधल्या यहुदी माणसाला पार्लमेंटात बसता येत नसे, कारण शपथच ख्रिस्ती धर्माची होती. ५ एप्रिल १८३० रोजी ग्रांटनी ही आडकाठी काढणारं बिल मांडायची परवानगी मागितली. मेकॉलेचं पार्लमेंटातलं पहिलं भाषण याच बिलाच्या बाजूने झालं. परवानगी मिळाली, पण पुढच्या महिन्यात १६५ विरुद्ध २२८ मतांनी बिल पडलं. १८३३ मध्ये ग्रांटनी पुन्हा नेट लावला. कॉमन्समध्ये पास झालं, लॉर्ड्सनी अडवलं. शेवटी रॉथशिल्ड आपल्या जागेवर बसले ते १८५८ साली, ग्रांट जाऊन वीस वर्षं झाल्यावर.

आणि इकडे मुंबईत? आपली जुनी मशीद १७९६ पासून उभी होती. ती बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर कंपनीच्या फौजेतले देशी अधिकारी. त्यांच्यामागून आपल्यातले कितीतरी जण सुभेदारीपर्यंत चढले, त्याच्या वर मात्र गोराच. सॅम्युअल स्ट्रीट हे नाव त्याच सामाजींचं, असं आपले वडीलधारे सांगत आले.

ग्रांट म्हणजे कुणी संत नव्हते. एडन बंदर घ्यावं म्हणून त्यांनीच जोर लावला, आणि जानेवारी १८३९ मध्ये कंपनीने ते तोफा डागून घेतलं. लंडनमध्ये दुबळ्यांची बाजू घेणारा माणूस इथे येऊन दुसऱ्याची जमीन घ्यायला निघतो! दोन्ही खरं आहे, दोन्ही मुलांना सांगावं.

एडन पडलं ते पाहायला ते राहिले नाहीत. जुलै १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला वारले. मुंबईत वैद्यकीय कॉलेज हवं हा त्यांचाच आग्रह, म्हणून १८४५ साली सुरू झालेल्या कॉलेजाला त्यांचं नाव मिळालं. आम्हा नर्सेसना रस्त्यापेक्षा हे नाव जवळचं. आपल्या डॉ. जेरुशा झिराड याच ग्रांट मेडिकल कॉलेजात शिकल्या, मग लंडनला गेल्या, आणि पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या.

रस्त्याचं नाव आता मौलाना शौकत अली मार्ग आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. टॅक्सीवाला मात्र अजून ग्रांट रोडच म्हणतो.