खुपऱ्या आणि गावातली नर्स

खुपऱ्या हा आजार आपल्याकडच्या जुन्या पिढीला चांगला ठाऊक. लहानपणी संसर्ग पुन्हा पुन्हा झाला की वरच्या पापणीला आतून व्रण पडतात. पुढे पापणी आत वळते आणि तिचे केस बुबुळावर घासू लागतात. इथिओपियाच्या खेड्यांत बायका ते चिमट्याने उपटत. केस पुन्हा उगवत, तेही खुंटासारखे टोचरे.

इलाज छोट्या शस्त्रक्रियेचा. पापणीत भुलीचं इंजेक्शन, कडेपासून सुमारे तीन मिलिमीटरवर छेद, मग कड बाहेर वळवून टाके. पण देशात नेत्रतज्ज्ञ मूठभर, तेही बहुतेक आदिस अबाबात. म्हणून आरोग्य केंद्रांतल्या नर्स आणि इतर कर्मचाऱ्यांना हे काम शिकवलं गेलं.

शस्त्र त्यांच्या हाती द्यायचं? शंका रास्तच होती. तिचं उत्तर इथिओपियातल्याच चाचणीने दिलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत काही रुग्ण नेत्रतज्ज्ञांकडे, काही प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडे सोपवले होते. केस पुन्हा आत वळण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

अर्थात, सगळ्यांचा हात सारखा नसतो. पुढच्या अभ्यासांत एकेका शस्त्रक्रियाकाराच्या कामात बरीच तफावत दिसली. त्यामुळे आता माणसाच्या पापणीआधी कृत्रिम पापणीवर सराव करून घेतात. पदवीपेक्षा हा सराव आणि नंतरची तपासणी मोलाची, असंच म्हणावं लागेल.

गांबियातही नर्सनीच ही शस्त्रक्रिया गावोगाव नेली. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्या तिथून हटल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिक्कामोर्तब केलं. भारताबाबत ते २०२४ मध्ये झालं.