हरणांचे रान आणि लेकीचे नाव

आज आपण इंग्लंडमधल्या केंट परगण्यात जाऊ. तिथे नोल नावाचा जुना वाडा आहे आणि भोवती हरणांचे मोठे रान. थंडीत झाडांची पाने झडतात, मग फिरायला आलेल्यांना हरणांचे कळप लांबूनच दिसतात.

याच वाड्यात १८९२ साली व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट जन्मली. आईवडिलांची एकुलती एक लेक. पुढे लेखिका झाली; १९२२ साली तिने या वाड्याचा आणि घराण्याचा इतिहास लिहिला. १९२८ साली वडील वारले. वाडा गेला काकांकडे, कारण व्हिटा मुलगी होती आणि वारस पुरुषच ठरायचा!

आज त्या रानात कोणीही पायी फिरते. व्हिटाचे नाव मात्र मालकीत लागले नाही. आपल्या सातबाऱ्यावर लेकीचे नाव आहे का? आज घरी विचारू या.