लीची शरणागती आणि मुंबईचं दिवाळं

आमच्या इलिनॉयमध्ये गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'लँड ऑफ लिंकन' लिहिलेलं असतं. इथे राहून केन बर्न्सची 'द सिव्हिल वॉर' (१९९०) बघायची नाही म्हणजे पुण्यात राहून शनिवारवाडा न बघण्यासारखं. शॉमबर्गच्या लायब्ररीतून संच आणला आणि नऊही भाग संपवले.

शेवटचे दोन भाग १८६५ सालचे. पीटर्सबर्गच्या खंदकांत अडकलेलं लीचं उपाशी सैन्य, ३ एप्रिलला पडलेलं रिचमंड, ९ एप्रिलला अपोमॅटॉक्सच्या एका घरात ग्रँटपुढे शरणागती. जुने फोटो आणि मागे व्हायोलिन. बघणाऱ्यालाही हुश्श वाटतं. मुंबईला मात्र या बातमीने कापरं भरलं!

झालं होतं असं, की उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. मग खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा मुंबईत साचला. रोज नवी बँक, नाहीतर समुद्र बुजवून जमीन काढणारी नवी कंपनी. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे राजे. बॅक बे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या घरात गेला. वायद्यांचे सौदे पुरे करायची तारीख होती १ जुलै १८६५.

म्हणजे अख्ख्या शहराने युद्ध लांबेल यावर पैसे लावले होते. तिकडे माणसं मरत राहावीत, मळ्यांवर गुलाम राबत राहावेत, असं कोणी बोललं नसेल. पण शेअरच्या भावात ते धरलेलं होतंच. मला तरी यातलं हेच सगळ्यात बोचतं. फिल्मवाल्यांनी हा धागा धरलेला नाही, त्यांची गोष्ट वेगळी आहे. आपण तरी तो कुठे धरतो म्हणा! 'कापसाची तेजी' म्हणून मोकळे होतो.

कापूस गडगडला आणि १ जुलैला पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. गरिबांना फुकट औषध देणारे, शिलालेख वाचणारे डॉ. भाऊ दाजी लाडही यात धुतले गेले. सरकारी पाठबळाची बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८ लाख १६ हजार माणसं होती, १८७२ मध्ये ६ लाख ४४ हजार उरली. तेजीच्या काळात प्रेमचंदांनी विद्यापीठाला दिलेल्या पैशांतून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर मात्र १८७८ मध्ये पुरा झाला.