जंतू सापडला, पुढे काय?

गेल्या महिन्यात ऑफिसच्या टीम आउटिंगहून परत आलो आणि पोटाने संप पुकारला. दोन दिवस बेड ते बाथरूम, बाथरूम ते बेड. डॉक्टरांनी गोळ्या फारशा दिल्याच नाहीत. "ओआरएस पीत राहा, घोट घोट," एवढंच म्हणाले. ते कोमट खारट-गोड पाणी पिताना माझ्यातला इंजिनियर जागा झाला. पोटात पाणी ठरत नाही म्हणून तर ही वेळ आली, मग हेच पाणी कसं काय ठरतं? शोधता शोधता अख्खा वीकेंड गेला आणि मी जाऊन पोचलो कोलकात्याच्या एका पॅथॉलॉजिस्टपाशी. शंभुनाथ डे. (मन्ना डेंमधलं 'डे', तेच आडनाव.) नाव कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही ऐकलंय?

त्यांची गोष्ट कॉलऱ्याची आहे. आपल्याकडे पटकी. आजी सांगायची की गावात पटकी आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडायचे. सकाळी धडधाकट माणूस संध्याकाळी तिरडीवर. ही अतिशयोक्ती नाही बरं का. जोरदार पटकीत तासाला लिटरभर पाणी शरीरातून जाऊ शकतं, तांदळाच्या धुवणासारखं. रक्त घट्ट होतं, नाडी लागत नाही, संपलं.

रॉबर्ट कॉख १८८३ च्या डिसेंबरात कलकत्त्याला आला आणि १८८४ च्या सुरुवातीला त्याने जाहीर केलं की पटकीचा जंतू सापडला, स्वल्पविरामासारखा वाकडा. (इटलीच्या पाचिनीला तो १८५४ मध्येच दिसला होता, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. असो.) शाळेतल्या पुस्तकात गोष्ट इथेच संपते. जंतू सापडला, टाळ्या.

पण मंडळी, सर्व्हर झोपल्यावर लॉगमध्ये एका प्रोसेसचं नाव सापडलं म्हणजे बग सापडला का? कोणी केलं ते कळलं, कसं केलं ते कुठे कळलंय? कॉखचंही तेच झालं होतं. प्राण्यांना काही केल्या पटकी होईना. हा जंतू काहीतरी विष सोडत असावा अशी शंका त्याने बोलून दाखवली होती, पण सिद्ध करता आलं नाही. तिकडे म्युनिकमध्ये पेटेनकोफर नावाच्या म्हाताऱ्या प्रोफेसरांना ही जंतूची भानगडच मान्य नव्हती. १८९२ मध्ये त्यांनी पटकीच्या जंतूंचं कल्चर चक्क पिऊन टाकलं! थोडे जुलाब झाले, बाकी ठणठणीत.

त्याच सुमाराला कॉखचा सहकारी फायफर म्हणाला की विष जंतूच्या अंगातच कोंडलेलं असतं, जंतू मेला की सुटतं. झालं. पुढची कित्येक दशकं लोक मेलेले जंतू जनावरांच्या पोटाच्या पोकळीत नाहीतर रक्तात टोचत बसले. जनावरं मरायची, पण जुलाबाने नाही. म्हणजे टेस्ट केस फेल जातेय, पण ज्या कारणाने जायला हवी त्या कारणाने नाही. आणि तरी सगळे खूश!

डे १९१५ चे, हुगळी जिल्ह्यातल्या खेड्यातले. कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिकले, लंडनला रॉय कॅमेरॉन यांच्याकडे १९४९ मध्ये पीएचडी केली आणि परत आले. पटकीचे रुग्ण हॉस्पिटलातच, त्यामुळे ताजे जंतू हाताशी. त्यांनी विचारलेला प्रश्न इतका साधा आहे की हसू येतं. रोग आतड्यात होतो ना? मग आतड्यातच का नाही बघायचं?

१९५३ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर प्रयोग छापला. सशाच्या लहान आतड्याचा काही इंचांचा भाग दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधायचा, त्यात जिवंत जंतू टोचायचे, पोट शिवून टाकायचं. दुसऱ्या दिवशी बघावं तर तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला. जंतू न घालता बांधलेला शेजारचा तुकडा सपाट. ससा, सुई, दोरा. एवढंच सामान!

मग १९५९. या वेळी त्यांनी जंतू वाढवले आणि ते द्रावण गाळून जंतू पूर्ण काढून टाकले. उरलेलं पाणी आतड्याच्या तुकड्यात टोचलं आणि तुकडा तसाच फुगला. खुनी घरात नाही तरी खून होतोय! म्हणजे जिवंत जंतू बाहेर सोडतो तेच विष. 'नेचर'मध्ये दोनेक पानांचा लेख आला, एकट्या डेंच्या नावाचा. कॉखची शंका खरी ठरायला पंचाहत्तर वर्षं लागली.

(त्याच वर्षी आपल्या परळच्या हाफकिनमध्ये दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी सशाच्या पिल्लांवर प्रयोग करून जवळपास हेच दाखवलं. परळवरून जाताना यापुढे त्या बाजूला एकदा तरी बघणार आहे.)

त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत उलगडलेलं यंत्र तर भन्नाट आहे. पटकीचा जंतू रक्तात किंवा मांसात शिरतच नाही. पोटातल्या आम्लातून वाचलेले आतड्याच्या अस्तरावर चिकटून बसतात आणि विष सोडतात. त्या विषाचे पाच भाग पेशीला घट्ट धरतात, सहावा आत घुसतो आणि एका प्रथिनाचा स्विच 'ऑन'वरच अडकवून ठेवतो. पेशी बिचारी क्लोराइड बाहेर फेकत राहते, त्यामागे सोडियम आणि पाणी. अस्तर शाबूत, पेशी जिवंत, फक्त एक फ्लॅग रीसेट होत नाही. कहर म्हणजे हे विष बनवायचा कोडसुद्धा जंतूचा स्वतःचा नाही. तो एका विषाणूने त्याच्यात घुसवलाय, हे १९९६ मध्ये वॉल्डर आणि मेकॅलानॉस यांनी दाखवलं. कॉपी-पेस्ट केलेला कोड, दुसरं काय.

आणि इथेच मला माझ्या ओआरएसचं उत्तर मिळालं. ग्लुकोज आणि सोडियमला हात धरून आत नेणारा आतड्यातला दुसरा दरवाजा या विषाला बंद करता येत नाही. साखर आत गेली की मीठ जातं, मीठ गेलं की पाणी. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा दिलीप महालनोबीसांनी ड्रममधून हेच पाणी पाजलं. तीसएक टक्क्यांचा मृत्युदर चारच्या खाली आला. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, गेल्यावर.

डेंना तर तेही नाही. विष शुद्ध करून वेगळं काढायचं काम १९६९ मध्ये अमेरिकेत झालं. डे १९७३ मध्ये निवृत्त झाले. हयातीत देशातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केलं नाही. नोबेलविजेत्या जोशुआ लेडरबर्गने मात्र त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. १९७८ मध्ये स्टॉकहोमहून पटकीवरच्या नोबेल परिसंवादाचं बोलावणं आलं. तिथे ते म्हणाले की साठच्या दशकापासून मी मेल्यातच जमा होतो, तुम्ही मला पुन्हा जिवंत केलंत. १९८५ मध्ये ते गेले. 'करंट सायन्स'ने त्यांच्यावर विशेष अंक काढला तो १९९० मध्ये. मला हे वाचून राग आला, आणि तो नक्की कोणावर काढायचा ते अजून कळलेलं नाही.

राहता राहिलं माझं पोट. १९५६ मध्ये डेंनी सशाची तीच चाचणी ई. कोलायवर लावली होती आणि त्याचे काही वाणही आतड्याचा तुकडा तसाच फुगवतात असं दाखवलं होतं. त्यांतल्या एका प्रकारचं विष पटकीच्या विषाचं सख्खं भावंड. प्रवासात बिघडणाऱ्या पोटांमागे पुष्कळदा हेच असतात. आउटिंगच्या चटणीत नक्की कोण होतं ते कोणी तपासलं नाही, पण माझा संशय याच मंडळींवर आहे.