गटाराचं बिल कोणी भरायचं? लॉस ओसोस गावाची तेहेतीस वर्षं

विषय ऐकून नाक मुरडू नका. आज आपण गटाराबद्दल बोलणार आहोत. साध्यासुध्या नाही, भुयारी गटाराबद्दल. एका गावाने ते बांधायला तेहेतीस वर्षं लावली. मधल्या काळात निवडून दिलेले सदस्य मुदतीआधी घरी पाठवले, गावच्या संस्थेचं दिवाळं निघालं आणि पंचेचाळीस घरांच्या दारात सरकारी नोटिसा येऊन पडल्या. भांडण कशावरून? तर खर्चावरून.

गाव आहे अमेरिकेतलं, कॅलिफोर्नियातलं. नाव लॉस ओसोस. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ 'अस्वलं'. १७६९ साली स्पॅनिश मोहीम इथून गेली तेव्हा त्यांना या खोऱ्यात अस्वलं दिसली, म्हणून हे नाव पडलं. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मधोमध, मोरो बे नावाच्या खाडीच्या काठावर हे गाव आहे. वस्ती साधारण चौदा हजार. आपल्याकडे एवढ्या वस्तीला मोठं गाव म्हणतील. पण गंमत अशी, की या गावाला नगरपालिकाच नाही. महापौर नाही, नगरसेवक नाहीत. सगळा कारभार काउंटीकडून, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याच्या ठिकाणाहून चालायचा.

आधी टाकीचं गणित

गावात घरोघरी सेप्टिक टँक होते. आपल्याकडे गावात असतात तसेच. घाण टाकीत जाते, जड भाग तळाशी बसतो, वरचं पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरतं. घरं लांब लांब असतील, मोठी मोकळी जागा असेल, तर जमीन हे काम निमूटपणे करते. पण लॉस ओसोसमध्ये प्लॉट छोटे, घराला घर लागून, आणि जमीन रेतीची. अशी चार-पाच हजार घरं, आणि प्रत्येकाचं पाणी खाली मुरतंय.

आता खरी मेख ऐका. गावाचं पिण्याचं पाणीसुद्धा त्याच जमिनीखालून येतं. बाहेरून पाइपलाइन नाही, जवळ धरण नाही. जे जमिनीत आहे तेच प्यायचं.

मैलापाण्यातल्या नायट्रोजनचं मातीत नायट्रेट होतं, आणि ते झिरपत भूजलात जातं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही मर्यादा आहे. त्यापेक्षा जास्त झालं तर सगळ्यात मोठा धोका तान्ह्या बाळांना. त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं. आणि नायट्रेटला ना वास, ना चव, ना रंग. म्हणजे ग्लासातलं पाणी स्वच्छच दिसणार. ही गोष्ट लक्षात ठेवा. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीसाठी माणसाकडून पैसे काढणं फार अवघड असतं.

बंदी आली, पैसे आले नाहीत

१९८३ साली तिथल्या प्रादेशिक पाणी मंडळाने ठराव केला. हे मंडळ राज्याचं, त्यावरचे सदस्य गव्हर्नर नेमतो, लोक निवडत नाहीत. ठराव असा, की गावच्या ठरावीक भागात सेप्टिक टँकचं पाणी जमिनीत सोडायला बंदी. १९८८ पासून ही बंदी लागू झाली आणि नवीन बांधकाम थांबलं. ज्यांनी म्हातारपणी घर बांधायचं म्हणून प्लॉट घेऊन ठेवला होता, त्यांचा प्लॉट तसाच पडून राहिला. आणि ज्यांची घरं होती ते? ते टाक्या वापरतच राहिले. दुसरं करणार काय? संडास बंद करता येतो का?

आता पैशाची बाजू बघू. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याखाली अमेरिकेचं केंद्र सरकार अशा गटार योजनांना खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान द्यायचं. ८० च्या दशकात ते ५५ टक्क्यांवर आलं. १९८७ मध्ये कायदा बदलला, अनुदान टप्प्याटप्प्याने बंद झालं आणि त्या जागी राज्यांमार्फत कर्ज आलं. कर्ज म्हणजे परत फेडायचे पैसे. थोडक्यात, जी गावं आधी रांगेत होती त्यांच्या गटाराचा मोठा वाटा सगळ्या देशाने उचलला. लॉस ओसोसवर सक्ती झाली नेमकी त्या वेळी, जेव्हा खिडकी बंद होत होती.

म्हणून मला त्या लोकांचा राग पटतो. विचार करा. तुमचं घर रीतसर परवानगी घेऊन बांधलेलं आहे. सेप्टिक टँक परवानगीनेच बसवलाय. आणि एक दिवस कोणी न निवडलेलं मंडळ येऊन सांगतं, की तुमची टाकी आता बेकायदेशीर, आणि नवीन योजनेचा खर्च तुमचा तुम्ही बघा. त्यातही बंदीची रेघ नकाशावर मारलेली. रेघेच्या आतले भरणार, बाहेरचे शेजारी सुटणार. गावात निवृत्त माणसं खूप, पेन्शनवर जगणारी. भाडेकरूही बरेच. समुद्रकाठी असूनही त्यातल्या त्यात परवडणारं म्हणून लोक इथे राहायला आलेले. त्यांना महिन्याचा आकडा ऐकून धडकी भरणं साहजिकच आहे.

स्वस्त योजनेचं स्वप्न

काउंटीने नव्वदच्या दशकात एक योजना आणली. लोक म्हणाले, महाग आहे. गावातल्या एका गटाने दुसरी योजना मांडली. तळ्यांसारख्या उथळ टाक्यांमधून पाणी शुद्ध करायचं, खर्च कमी, महिन्याचं बिल चाळीस डॉलरच्या आत. कोणाला आवडणार नाही? १९९८ साली लोकांनी मतदान करून स्वतःची स्थानिक संस्था स्थापन केली, पाच निवडून दिलेल्या सदस्यांची. आपल्या ग्रामपंचायतीसारखीच समजा, फक्त अधिकार कमी. गटाराचं काम काउंटीकडून या संस्थेकडे आलं.

पण ती तळ्यांची योजना पाणी मंडळाच्या कसोटीवर टिकली नाही. मग नवीन संस्थेने नेहमीच्या पद्धतीचं प्रक्रिया केंद्र निवडलं, आणि जागा कुठली? गावाच्या मधोमध. लोकांवर सुरुवातीचा करही बसला. आकडा मात्र वाढत गेला. तळ्यांची योजना चारेक कोटी डॉलरच्या आत होईल असं म्हटलं जायचं. आता फक्त राज्याचं कर्जच १३ कोटी डॉलरच्या पुढे गेलं. महिन्याचं बिल दोनशे डॉलरच्या आसपास जाणार अशी चर्चा सुरू झाली. चाळीस कुठे, दोनशे कुठे! वर शुद्धीकरण केंद्र गावच्या मध्यात, म्हणजे वासाची भीती वेगळी.

सप्टेंबर २००५

२००५ च्या उन्हाळ्यात काम सुरू झालं. यंत्रं आली, खोदाई चालू झाली. आणि २७ सप्टेंबरला गावात मतदान झालं, निवडलेल्या सदस्यांना मुदतीआधी परत बोलावण्यासाठी. तिथल्या कायद्यात मतदारांना तो हक्क आहे. योजनेच्या बाजूचे तिन्ही सदस्य अगदी थोड्या मतांनी हरले. त्याच दिवशी केंद्राच्या जागेबद्दलचा गावचा प्रस्तावही निसटत्या मतांनी मंजूर झाला. नवीन बोर्डाने काही दिवसांतच काम थांबवलं.

लोकशाही म्हणून बघितलं तर केवढा मोठा विजय! पण पुढचं वर्ष कसं गेलं ते बघा.

राज्याने उरलेलं कर्ज रोखलं. काम थांबवलं म्हणून कंत्राटदारांनी भरपाईचे दावे लावले. पाणी मंडळाने संस्थेला ६६ लाख डॉलरचा दंड ठोठावला. आणि ऑगस्ट २००६ मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. योजना थांबली, पण तिच्यासाठी आधी बसवलेला कर थांबला नाही. कारण त्या कराच्या जोरावर रोखे काढले होते, आणि रोख्यांचे हप्ते फेडायचेच होते. म्हणजे जे गटार बांधलंच नाही, त्याचे पैसे लोक भरत राहिले.

याच वर्षी मंडळाने आणखी एक गोष्ट केली. हजारो घरांतून पंचेचाळीस घरं चिठ्ठी काढावी तशी निवडली आणि त्या मालकांवर वैयक्तिक कारवाई सुरू केली. टाकी वारंवार उपसून घ्या, ठरावीक मुदतीनंतर वापर बंद करा, असा एकूण रोख. यांनी काय वेगळं केलं होतं? काहीच नाही. शेजारच्या घरात होती तीच टाकी यांच्याकडे होती. काहींनी तर योजनेच्या बाजूने मत दिलेलं असू शकतं. सामुदायिक प्रश्नाची शिक्षा अशी एकेका घरावर पडते, तेव्हा गावात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. माणसं एकमेकांकडे संशयाने बघायला लागतात.

मग सुटलं कसं?

२००६ मध्ये राज्याने खास कायदा करून काम पुन्हा काउंटीकडे दिलं. पण यावेळी क्रम बदलला. आधी लोकांना विचारलं, मग पुढे गेले. कॅलिफोर्नियात १९९६ पासून नियम आहे, की मालमत्तेवर असा आकार लावायचा तर मालकांचं मत घ्यावं लागतं. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये हे मतदान झालं. एका घरामागे सुमारे २५ हजार डॉलर, तेव्हाच्या भावाने जवळपास दहा लाख रुपये. आणि आलेल्या मतांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास मतं 'हो' पडली.

काय बदललं होतं? गटार स्वस्त झालं नव्हतं. उलट महागच झालं होतं. पण आता लोकांसमोर दोन आकडे होते: बांधण्याचा खर्च, आणि न बांधण्याचा खर्च. दुसरा आकडा त्यांनी दोन वर्षांत स्वतःच्या खिशातून बघितला होता.

अर्थात या मतदानातही एक खोच आहे. मत मालकाला, आणि मताचं वजन त्याच्यावर पडणाऱ्या रकमेइतकं. भाडेकरूला मत नाही. भाडं वाढलं तर ते मात्र त्यानेच भरायचं.

पुढे शुद्धीकरण केंद्र गावाच्या बाहेर नेलं. २००८ च्या मंदीनंतर केंद्र सरकारने जो पैसा बाजारात ओतला, त्यातून ग्रामीण भागासाठीच्या योजनेत सुमारे आठ कोटी डॉलरची मदत मिळाली, बरंचसं कर्ज आणि थोडं अनुदान. २०१० मध्ये किनारा आयोगाची परवानगी आली, २०१२ मध्ये खोदाई सुरू झाली आणि २०१६ मध्ये केंद्र चालू झालं. एकूण खर्च १७ कोटी डॉलरच्या पुढे गेला. घरापासून रस्त्यापर्यंतची नळी आणि जुनी टाकी बंद करण्याचा खर्च ज्याचा त्याने केला, तो वेगळाच. शुद्ध केलेलं पाणी आता पुन्हा जमिनीत मुरवतात, म्हणजे भूजलाला थोडा आधार मिळतो. पण मोकळ्या प्लॉटवाल्यांची सुटका तेव्हाही झाली नाही, कारण नवीन घरांना पुरेल एवढं पाणीच गावाकडे नव्हतं.

मग चूक कोणाची?

सोपं उत्तर असं, की अडाणी लोकांनी विकास अडवला. मला ते मान्य नाही. विरोध करणाऱ्यांचे तीन प्रश्न अगदी रास्त होते. खर्च आमच्या एकट्यावर का? केंद्र वस्तीच्या मध्यात का? आम्हाला न विचारता का? आणि शेवटी या तिन्ही प्रश्नांची थोडीफार दखल घ्यावी लागली. मदत आली, जागा बदलली, मतदान झालं. विरोध झाला नसता तर हे झालं असतं असं मला वाटत नाही.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. 'थांबवा' हा फुकटचा पर्याय आहे, असं समजून मतदान झालं. तो फुकट नव्हता. थांबण्याचंही बिल येतं. फक्त ते उशिरा येतं, आणि बऱ्याचदा भलत्याच माणसाच्या नावावर येतं. त्या पंचेचाळीस घरांच्या नावावर आलं. मत नसलेल्या भाडेकरूच्या नावावर आलं. आणि सगळी वर्षं ते जमिनीखालच्या पाण्याच्या खात्यावर चढतच होतं.

आणि मंडळाचं काय? निदान बरोबर होतं, पण औषधाचे पैसे कुठून येणार ते कधी सांगितलं नाही. नुसती बंदी घालून गटार बांधलं जात नाही. नियम करणाऱ्याने खर्चाचा कागद सोबत आणला नाही, की नियम लोकांना दंडासारखाच वाटतो, मग तो कितीही योग्य असो.

आपल्याकडेही भुयारी गटार योजना गावोगावी पोचतायत. उद्या तुमच्या ग्रामसभेत असा विषय आला तर 'किती खर्च येणार' हे विचाराच. पण लगेच पुढचा प्रश्नही विचारा: 'नाही केलं तर किती, आणि तो भरणार कोण?' दोन्ही उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात सांडपाण्यावरून असं काही घडलं असेल तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा.