कोटितीर्थाचीं झुडपें

हिंगोलीजवळून वाहणाऱ्या कयाधूच्या कांठीं फिरावयास जाणाऱ्यास रुई, तरवड, पळस हीं नित्याचींच. रुईचीं पानें मारुतीला वाहतात, पळसाच्या पत्रावळी होतात. पण हा उपयोग बाजूस ठेवून त्या झुडपांकडे थांबून कोण पाहतो? मग अशाच रानझुडपांचें चित्र भिंतीवर दिसलें, तर त्यांत पाहण्याजोगें काय, असें कोणाच्याहि मनांत यावें. याचें उत्तर कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांनीं आपल्या कृतीनें दिलें आहे.

कुराणाच्या सुंदर हस्तलिखित प्रती तयार करणाऱ्या घराण्यांत त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत त्यांनीं शिक्षण घेतलें. हुबेहूब रेखाटन हा तेथील शिक्षणाचा पाया होता. पुढें शाहू महाराजांचा आश्रय लाभला. परंतु त्यांचें मन रमलें तें कोटितीर्थ तळ्याच्या कांठीं, तेथील पाणी, झुडपें आणि त्यांवरून सरकणारें ऊन टिपण्यांत.

पॅरिसमध्यें १८७४ सालीं मोने व त्याच्या सोबत्यांनीं प्रदर्शन भरविलें, तेव्हां लरॉय नामक टीकाकारानें मोनेच्या एका चित्राच्या नांवावरून त्यांची थट्टा केली. थट्टेचेंच नांव पुढें त्या पंथास चिकटलें. आबालाल विलायतेस गेले नव्हते. तरीहि उन्हाच्या मागें जातां जातां ते त्याच वाटेवर येऊन पोहोंचले. असें चित्र जवळून पाहिलें तर रंगाचे नुसते फटकारे दिसतात. चार पावलें मागें सरावें, तों पानें हलूं लागतात. चित्राचा उरलेला अर्धा भाग पाहणाऱ्यानेंच पुरा करावयाचा असतो.

१९२२ सालीं शाहू महाराज निवर्तले, १९३१ सालीं आबालाल गेले. त्यांचीं पुष्कळ चित्रें नाहींशीं झालीं. कोटितीर्थाला आज शहरानें वेढलें आहे. दप्तरांत जमिनीची नोंद होते, साऱ्याची होते. कांठावरच्या झुडपांची आणि त्यांवर पडलेल्या उन्हाची नोंद कोणी ठेवीत नाहीं. ती ज्यानें ठेविली, त्याचें चित्र हें शोभेच्या वस्तूइतकेंच इतिहासाचें साधनहि आहे.

कयाधूकांठच्या तरवडाला असा चित्रकार लाभेल तेव्हां लाभो. तोंवर त्या पिवळ्या फुलांवर संध्याकाळचें ऊन किती वेळ टिकतें, एवढें तरी जातां येतां पाहून ठेवावें.