मामलेदार गेले, मिसळ राहिली

मामलेदार कचेरीत काम निघालं की माणसाचा दिवस गेलाच, असा ठाणे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. सातबाऱ्याचा उतारा असो, उत्पन्नाचा दाखला असो की वारसनोंद, सकाळच्या गाडीने यायचं, अर्ज द्यायचा आणि बाकावर बसून नावाचा पुकारा होण्याची वाट बघायची. घरून बांधून आणलेली भाकरी अकरा वाजेपर्यंत संपलेली असते. परत जायला संध्याकाळ होणार. मोठ्या हॉटेलात शिरण्याइतके पैसे खिशात नसतात आणि लांब जाण्याइतकी हिंमतही नसते, कारण तेवढ्यात पुकारा झाला तर? १९४६ साली नरसिंह मुर्डेश्वर यांनी ठाण्याच्या या कचेरीलगत कॅन्टीन सुरू केलं, ते या गिऱ्हाइकासाठी. मामलेदार मिसळीचा जन्म तिथला.

तिथे मिसळच का चालली, हे तिच्या रचनेवरून कळतं. उसळ पहाटे एकदा शिजवून ठेवली की दिवसभर पुरते. रस्सा मंद आचेवर उकळत राहतो, उलट मुरतो. फरसाण आणि चिरलेला कांदा ऐन वेळी वरून पडतो. म्हणजे ऑर्डर दिल्यापासून ताटली समोर यायला मिनिटही लागत नाही. तिखटपणामुळे दोन पावांत पोट भरल्यासारखं वाटतं, आणि कडधान्य असल्यामुळे ते खरोखरच भरतं. कमी पैसे आणि कमी वेळ असलेल्या माणसासाठी याहून चोख पदार्थ कोणी मुद्दाम बसून शोधला असता तरी सापडला नसता. मामलेदारकडे आजही पहिला प्रश्न येतो तो तिखट किती, एवढाच. नवखा माणूस बढाई मारून ‘तिखट’ सांगतो, दुसऱ्या घासाला त्याच्या कपाळावर घाम दिसतो आणि मग ताकाचा ग्लास मागवला जातो. शेजारी बसलेल्या जुन्या गिऱ्हाइकाला ही करमणूक फुकटात मिळते.

नरसिंहरावांचे चिरंजीव लक्ष्मणशेठ यांनी हा धंदा नावारूपाला आणला. २०२२ साली ते गेले. तोवर ‘मामलेदार’ हा शब्द सरकारी कागदावरून जवळजवळ पुसला जाऊन तिथे ‘तहसीलदार’ बसला होता. ठाण्यातल्या आजच्या कॉलेजातल्या पोराला मामलेदार म्हणजे कोण हे विचारलं, तर तो मिसळीचाच पत्ता सांगेल.

स्वस्त, जुनी, गल्लीतली खाण्याची जागा अशीच जन्माला येते. ‘चला, एक हॉटेल काढू’ म्हणून कोणी भांडवल घेऊन निघालेलं नसतं. आधी दुसरंच काहीतरी असतं, कचेरी, गिरणी किंवा स्टेशन. त्याच्या आडोशाला चूल पेटते. पॅरिसला गेलेला मराठी प्रवासी ज्या ‘बिस्त्रो’त कौतुकाने जेवून येतो, त्याचं कूळही निराळं नाही. फ्रान्सच्या मध्यभागी ओव्हेर्न्य नावाचा डोंगराळ, गरीब मुलूख आहे. एकोणिसाव्या शतकात तिथली माणसं पोटासाठी पॅरिसला आली. आधी त्यांनी चार-पाच मजले चढून घरोघरी पाणी पोचवलं, मग कोळसा. कोळशाच्या वखारीच्या पुढच्या भागात बायको वाइन विकायला बसायची. ‘वाइन आणि कोळसा’ अशा पाट्याच असत. वाइनबरोबर खायला काहीतरी हवं, म्हणून गावाकडचं सागुतीचं भांडं चुलीवर चढलं. कोळसा पुढे संपला, भांडं मात्र राहिलं. पॅरिसमधल्या कितीतरी कॅफेंची मालकी पुढे याच लोकांकडे आली. लेखक आणि पुढाऱ्यांच्या वावराने गाजलेली ‘लिप’ ब्रासरीसुद्धा १९२० साली मार्सेलँ काझ या त्यांच्याच भागातल्या माणसाने घेतली. उडुपीकरांनी मुंबईत जे केलं तेच हे. मुर्डेश्वर हे आडनावही उत्तर कन्नडातल्या समुद्रकाठच्या गावाचं आहे, हे इथे आठवावं.

त्याच पॅरिसमध्ये १८५०च्या दशकात दुव्हाल नावाच्या एका खाटकाने मंडईतल्या हमालांसाठी ‘बुइयाँ’ काढलं. बड्या घरांना नको असलेल्या मांसाचा गरम रस्सा आणि एक साधा पदार्थ, एवढाच बेत. त्या धर्तीवर १८९६ साली निघालेलं ‘शार्तिए’ आजही चालू आहे. तिथला वेटर ऑर्डर टेबलावर अंथरलेल्या कागदावरच लिहितो आणि बिलाची बेरीजही त्यावरच मारतो. भिंतीला लाकडी खणांची छोटी कपाटं आहेत. रोजच्या गिऱ्हाइकांचे हात-तोंड पुसायचे रुमाल त्यांत ठेवलेले असत.

रोजचं गिऱ्हाईक म्हणजे आपल्याकडचा ‘मेंबर’.

मेंबर हा खानावळीचा शब्द, आणि खानावळ गिरणगावाची. १८५०च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या आणि कोकण-घाटावरून एकटे पुरुष आले. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपणारे. त्यांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घालणाऱ्या बाया आसपासच्या चाळींतच होत्या. गड्याचा पगार झाला की खानावळवालीचे पैसे, आणि पगार लांबला की वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर. गिरणी बंद पडली की पहिली चूल तिची विझायची. या बायकांना सावकारापासून सोडवायला १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. फ्रान्समधल्या ल्यों शहरात हीच कथा जरा सुखाने संपते. तिथे बड्या घरांतल्या स्वयंपाकिणींनी स्वतःच्या खानावळी काढल्या, गिऱ्हाईक त्यांना ‘आई’ म्हणे. त्यांपैकी एजेनी ब्राझिए हिने १९२१ साली खानावळ काढली आणि १९३३ साली तिच्या दोन्ही ठिकाणांना मिशलिनचे तीन-तीन तारे मिळाले. गिरणगावातल्या मावशीच्या हाताला चव कमी होती असं म्हणवत नाही. तारे वाटणारा तिच्या चाळीचा जिना कधी चढलाच नाही.

ठाणे-कल्याणकडे ही खानावळ रुळांवरून आली. १८५३ साली आगगाडी ठाण्याला पोचली, १८५४ साली कल्याणला. पुढे ठाण्यात रेमंड, अंबरनाथला विमको, शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला एनआरसी असे कारखाने आले. १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीने पहिली वसाहत ठाण्यात, वागळे इस्टेटला उभारली. प्रत्येक भोंग्यामागे जेवायला माणसं होती.

कल्याणात मात्र एका पदार्थाला कारखानाही लागला नाही, घराची खिडकी पुरली. वझे कुटुंबाने राहत्या घराच्या खिडकीतून बटाटेवडे विकायला सुरुवात केली, १९६०च्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांनी १९६६ साली वडा पावात घातला असं मानतात, म्हणजे काळ साधारण तोच. दुकानाचं भाडं नाही, नोकर नाही, स्वयंपाकघर आतलंच. गिऱ्हाईक रस्त्यावर उभं, विक्रेता घरात, मध्ये गज. लोकांनीच त्याला ‘खिडकी वडा’ म्हणायला सुरुवात केली. पुढे रीतसर दुकान झालं तरी लोकांनी दिलेलं नाव बदलायची गरज कोणाला भासली नाही. नाव ठेवायला सल्लागार नेमणाऱ्यांनी कल्याणला एक चक्कर मारायला हरकत नाही.

डोंबिवलीची तऱ्हा आणखी वेगळी. इथे बाहेरगावचा एकटा पुरुष हे गिऱ्हाईक नव्हतं. इथली बाई सकाळच्या लोकलने नोकरीला जाते आणि संध्याकाळी परतताना डब्यातच मटार सोलते, गवार मोडते. पण पोळ्या लोकलमध्ये लाटता येत नाहीत. ही अडचण सोडवली ती दुसऱ्या बायांनी. पोळी-भाजी केंद्र म्हणजे पुष्कळदा तळमजल्यावरचा एक गाळा. आत दोन-तीन जणी लाटताहेत, एक भाजतेय, तव्यावरची पोळी कापडाने दाबून फुगवतेय. पुढे काउंटरवर सुकी भाजी, आमटी, भात यांच्या पिशव्या रबर लावून मांडलेल्या. चतुर्थीला उकडीचे मोदक, श्रावणात पुरणपोळी, तीही आदल्या दिवशी नाव लिहून. बसायला खुर्ची नाही, तरी ही गल्लीतली खानावळच. फरक एवढाच की मेंबर आता पोळ्या घेऊन घरी जातो. घरी कोणी नाकं मुरडली असतील, तर ती पहिली गरम पोळी पानात पडेपर्यंतच.

आता मामलेदारच्या शाखा निघाल्या आहेत, मिसळीचे महोत्सव भरतात, आणि हॉटेलांत गिरणगाव थाळी चिनी मातीच्या ताटलीत येते. त्यात वाईट काही नाही. शार्तिएनेही पॅरिसमध्ये शाखा काढल्याच. पण फ्रान्सने २०२४ साली बिस्त्रो आणि कॅफेंतल्या रीतीभातींची नोंद आपल्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत केली, तेव्हा त्यांच्या हाताशी जुनी चित्रं होती, पाट्या होत्या, मेनूचे कागद होते. आपल्याकडे मामलेदारचं साल सांगता येतं, कारण एका कुटुंबाने ते जपलं. कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्राचं सांगता येत नाही. ठाण्या-डोंबिवलीत कोणाच्या आईची, आजीची खानावळ असेल, तिची मेंबरांची वही, दरपत्रक, कुपनं माळ्यावर पडली असतील, तर ती रद्दीत घालू नका. निदान पहिल्या पानावर साल लिहून ठेवा.